बर्लिन ते कोपनहेगन, मार्गे श्रीरामपूर

बराकपूरच्या धोबीघाटावरून लाँचमध्ये बसले की काही मिनिटांत हुगळीचा पलीकडचा काठ येतो. तो काठ म्हणजे श्रीरामपूर. आपल्या नगरकडचे नव्हे, हे बंगालचे. १७५५ पासून १८४५ पर्यंत या गावावर डेन्मार्कची सत्ता होती आणि त्याचे नाव होते फ्रेडरिक्सनगर. तब्बल नव्वद वर्षे इथला कारभार दूरच्या कोपनहेगनच्या नावाने चालला. मग डॅनिश मंडळींनी गाव इंग्रजांना विकले आणि ती निघून गेली. मागे राहिले त्यांचे सेंट ओलाव्ह चर्च, आणि १८१८ साली निघालेले ते कॉलेज, ज्याला १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने सनद दिली.

मराठी माणसाने तर या गावाला नमस्कारच करायला हवा. विल्यम कॅरे यांचे मराठी भाषेचे व्याकरण १८०५ साली इथल्याच मिशनच्या छापखान्यात छापले गेले. पाठोपाठ १८१० मध्ये त्यांचा मराठी कोशही इथेच निघाला. मराठीची अगदी सुरुवातीची छापील पुस्तके आपल्या मुलखापासून इतक्या दूर, गंगेकाठच्या एका डॅनिश गावात तयार झाली, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

वाचकहो, आज हे सारे आठवण्याचे कारण मात्र इतिहास नाही, सायकल आहे. आमच्या घरात सध्या बर्लिनहून कोपनहेगनला सायकलने जाण्याचा बेत शिजतो आहे. अंतर सुमारे ६५० किलोमीटर. जाणार कोण? आमची बर्लिनला नोकरी करणारी मुलगी, ६३ वर्षांचे आमचे हे, आणि मी. ह्यांची सारी नोकरी इच्छापूरच्या कारखान्यात गेली. तीस वर्षे ते रोज सायकलनेच कामावर जात. पण दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवावा लागला, तेव्हापासून सायकल व्हरांड्यात उभी होती.

मागच्या दिवाळीत मुलगी आली, ती नकाशाच घेऊन. म्हणाली, "आई, रस्ता सपाट आहे. सहा दिवसांत पोहोचू." सहा दिवस म्हणजे रोजचे १०८ किलोमीटर. हे लगेच म्हणाले, "जमेल." पुण्याहून मुलाचा फोन आला, "कशाला नसता धोका? बाबांनी आता घरी आरामात राहावे." त्यावर ह्यांनी काहीच उत्तर दिले नाही. त्यानंतर तीन दिवस त्या नकाशाचे नावही त्यांनी काढले नाही.

आजारपणानंतर घरोघरी असेच होते. एक मूल म्हणते चला, दुसरे म्हणते नको. दोघांचेही प्रेमच असते. पण ज्याला जायचे आहे त्याला नेमके किती जमते, हे कोणी विचारीत नाही, मोजून तर मुळीच पाहत नाही. आम्ही ते मोजायचे ठरवले. गेल्या तीन-चार महिन्यांत त्यातून जे हाती लागले, ते कोणत्याही कुटुंबाच्या लांबच्या सहलीला उपयोगी पडेल, म्हणून आजचा लेख.

वेग कोणाचा धरायचा?

सायकलवरून दूरदेशी जाणे आपल्याकडे नवे नाही. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघे १९२८ मध्ये फेरी पुरी करून मुंबईला परतले. १९२६ च्या डिसेंबरात याच कोलकात्याहून बिमल मुखर्जी आणि त्यांचे तीन सोबती निघाले. बिमलबाबू परत आले ते १९३७ साली! आणि अगदी अलीकडे, २०१८ मध्ये, आपली वेदांगी कुलकर्णी ऑस्ट्रेलियातील पर्थहून निघून १४ देश ओलांडत डिसेंबरात कोलकात्याला पोहोचली. सुमारे २९ हजार किलोमीटरचा तो प्रवास तिने विशीत केला.

ही माणसे थोर. पण त्यांच्या वाटेने जाताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. मुंबईच्या सहांमधून अखेरपर्यंत टिकले तिघेच. तरुण, धट्टीकट्टी माणसेसुद्धा शेवटपर्यंत एकत्र राहिली नाहीत. कुटुंबाच्या सहलीत मात्र सगळे मिळून पोहोचले नाहीत तर सहल झालीच नाही.

म्हणून आमचा पहिला नियम असा: बेत आखायचा तो सर्वांत हळू असणाऱ्याच्या वेगाने. सरासरी काढायची नाही, आणि सर्वांत तरुण माणसाचा उत्साहही धरायचा नाही.

याचे कारण साधे आहे. रस्त्यावर काय होते पाहा. जोराने जाणारा पुढे निघून जातो आणि एखाद्या झाडाखाली थांबतो. मागचा धापा टाकीत तिथे येतो. तोवर पुढच्याची विश्रांती झालेली असते, तो म्हणतो, "आलात? चला." म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्याला ती मिळतच नाही आणि ज्याला नको त्याला दिवसातून दहादा मिळते. असे दोन दिवस झाले की तिसऱ्या दिवशी मागचा माणूस गुडघा दुखतो म्हणून सांगतो. दुखत असते मन. म्हणून हळू जाणाऱ्याने पुढे राहावे आणि बाकीच्यांनी मागे. फक्त समोरून वारा असला की बळकट माणसाने पुढे यावे, कारण त्याच्या आडोशाने मागच्याचे श्रम पुष्कळ कमी होतात. पण त्यानेही मान वळवून मागे पाहत राहायला हवे.

आता आमच्यात सर्वांत हळू कोण? सगळ्यांना वाटले हे. पहिल्याच आठवड्यात ठरले की मी! बाजारापलीकडे मी कधी सायकल नेलीच नव्हती. हे ऐकल्यावर ह्यांचा चेहरा जो खुलला, तो विचारू नका.

आधी आपल्या नदीवर

सराव सुरू करण्याआधी हे डॉक्टरांकडे गेले. चालत्या पट्ट्यावरची तपासणी झाली. डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या. अंतर हळूहळू वाढवा. सायकल चालवताना शेजारच्याशी बोलता येईल इतकाच वेग ठेवा. वाक्य तुटू लागले तर वेग कमी करा. आणि छातीत दुखले, दम लागला, घेरी आली तर तिथेच उतरा, "पुढच्या वळणापर्यंत" म्हणू नका. हा सल्ला ह्यांच्यापुरता आहे. तुमच्या घरी असा आजार असेल तर तुमच्याच डॉक्टरांना विचारा.

पहिले पंधरा दिवस आम्ही छावणीतल्या शांत रस्त्यांवर पहाटे आठ-आठ किलोमीटर फिरलो. मग पंधरा, मग पंचवीस. हे प्रत्येक फेरीची नोंद एका वहीत करतात: तारीख, अंतर, वेळ आणि शेवटच्या रकान्यात 'कसे वाटले'. कारखान्यातली सवय! पण त्या शेवटच्या रकान्यानेच आमचा बेत ठरवला. पंचवीस किलोमीटरच्या दिवशी 'उत्तम' लिहिले होते, दुसऱ्या दिवशी लागोपाठ तेवढेच गेलो तर 'पाय जड'. एका दिवसाची फेरी काहीच सांगत नाही. खरे काय ते दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसताना कळते. म्हणून सराव नेहमी दोन दिवस जोडून करावा.

डिसेंबरात आम्ही मोठी फेरी केली, आणि ती मला तुम्हा सर्वांना सांगायचीच आहे. सायकलीसह लाँचने श्रीरामपूर. तिथून ग्रँड ट्रंक रोडने उत्तरेला शेवराफुली, भद्रेश्वर करीत चंदननगर. हे गाव फ्रेंचांचे. आपला देश स्वतंत्र झाल्यावरही १९५० पर्यंत त्यांच्याच ताब्यात होते. नदीकाठचा तो सुरेख स्ट्रँड, आणि जिभेवर फुटणारा जलभरा संदेश. पुढे चुंचुडा, ते डचांचे, १८२५ पर्यंत. मग हुगळीचा इमामबाडा, आणि अखेर बंडेलचे पोर्तुगीजांचे जुने चर्च. एका सकाळीत डेन्मार्क, फ्रान्स, हॉलंड आणि पोर्तुगाल! परत चुंचुड्याला येऊन लाँचने पलीकडे नैहाटी, म्हणजे बंकिमचंद्रांचे जन्मगाव, आणि ज्यूट गिरण्यांच्या बाजूबाजूने बराकपूर. सगळे मिळून पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास.

ग्रँड ट्रंक रोड अरुंद आहे. बस, टोटो, हातगाड्या सगळे त्याच रस्त्यावर. त्यामुळे रविवारी पहाटे निघावे आणि गर्दीच्या गावात खुशाल उतरून चालावे. या फेरीत आम्हाला हवे होते ते सगळे मिळाले. दिवसाला किती जमते ते कळले, सामानासह सायकल नावेत चढवण्याचा सराव झाला, आणि वाटेत पंक्चर झाले तेही बरेच झाले. ट्यूब काढणे, कागदाने घासणे, तुकडा चिकटवणे हे मी आमच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून आधीच शिकून घेतले होते. भर रस्त्यात पदर खोचून मी टायर उघडते आहे आणि हे शेजारी पंप धरून उभे आहेत, हे पाहायला भद्रेश्वरला चांगली गर्दी जमली होती.

त्या रात्री वहीत ह्यांनी लिहिले: ४५ किलोमीटर, झोप चांगली. आमचा आकडा ठरला.

सहाऐवजी चौदा

६५० ला ४५ ने भागले की साडेचौदा येतात. आम्ही चौदा दिवस धरले, म्हणजे रोजचे साडेसेहेचाळीस. सामानासह ताशी बारा किलोमीटरने हे चार तासांचे काम आहे. जूनमध्ये कोपनहेगनला सतरा तासांहून अधिक उजेड असतो, बर्लिनलाही थोडा कमी पण भरपूर. मग घाई कशाची? चार तास सायकल आणि उरलेला दिवस तळ्याकाठी.

चौदा दिवसांत तीन दिवस पूर्ण विश्रांतीचे मिळवले आणि तीन दिवस राखीव ठेवले, पावसासाठी किंवा कोणाच्या पोटासाठी. झाले वीस. मुलीला हे कळवताना मला धाकधूकच होती. जर्मनीत कायद्याने नोकरदाराला वर्षाला किमान चार आठवडे रजा मिळते. त्यातले तीन आठवडे आईबापांच्या संथ चाकांमागे घालवायचे! ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "टाकते. लग्नाला एवढी टाकली नव्हती."

आता मार्ग पाहू. तो आखलेला आहे, जागोजागी पाट्या आहेत. नॉर्वेच्या उत्तर टोकापासून माल्टापर्यंत जाणाऱ्या 'युरोवेलो ७' या लांबलचक सायकलमार्गाचाच हा एक तुकडा. सुरुवात बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग दरवाजापाशी. जिथे पूर्वी बर्लिनची भिंत होती तिथून काही अंतर जाऊन हावेल नदीच्या काठाने ओरानियनबुर्ग, त्सेडेनिक, फ्युर्स्टेनबर्ग, मग सरोवरांचा प्रदेश, त्यात वारेन हे गाव. ते ज्या म्युरित्झ सरोवरावर वसले आहे ते संपूर्णपणे जर्मनीच्या हद्दीतले सर्वांत मोठे सरोवर. पुढे ग्युस्ट्रो आणि बाल्टिक समुद्रावरचे रोस्टॉक बंदर. इथपर्यंत आमचे आठ दिवस.

वाटेत ओरानियनबुर्गला झाक्सेनहाउझन आणि फ्युर्स्टेनबर्गजवळ राव्हेन्सब्रुक येथे हिटलरच्या काळातील छळछावण्यांची स्मारके आहेत. राव्हेन्सब्रुकची छावणी मुख्यतः स्त्रियांची होती. सुंदर तळ्याच्या काठी आहे म्हणतात. तिथे उतरल्याशिवाय पुढे जायचे नाही, असे मी वहीत लिहून ठेवले आहे.

रोस्टॉकहून डेन्मार्कच्या गेडसरला जहाजाने जायचे. सुमारे दोन तास. या मार्गावरच्या दोन जहाजांची नावेच मुळी 'बर्लिन' आणि 'कोपनहेगन' अशी आहेत! गेडसर हे डेन्मार्कच्या अगदी दक्षिण टोकाचे गाव. तिथून न्युकोबिंग, स्टुबेकोबिंग, मग म्योन बेटावर एक दिवस विश्रांती. तिथे पांढऱ्या खडूच्या दगडाचे, शंभर मीटरहून उंच कडे समुद्रात उभे उतरतात. पुढे प्रेस्टो, कोगे आणि कोपनहेगन. डेन्मार्कात सहा दिवस. इथे डोंगर नाहीत, पण मोकळ्या शेतांवरून समुद्राचा वारा येतो, आणि समोरचा वारा म्हणजे न दिसणारा चढच. म्हणून डेन्मार्कातले टप्पे आम्ही जर्मनीपेक्षा थोडे छोटे ठेवले आहेत.

मुक्काम रोज ठराविक गावी. जर्मनीत सायकलवाल्यांना एका रात्रीपुरतीही खोली देणारी, सायकल ठेवायला सुरक्षित जागा असलेली घरे आणि हॉटेले असतात. तिथल्या सायकलस्वारांच्या संघटनेची त्यांना मान्यता असते. युवा वसतिगृहे स्वस्त पडतात आणि 'युवा' हे फक्त नावात. साठीची माणसेही राहतात. आपल्या यूथ हॉस्टेल्स असोसिएशनचे सभासदत्व तिथे चालते. संथ बेतात रात्री वाढतात आणि खर्चही वाढतो, हे खरे. सहा मुक्कामांचे वीस झाले. ती तोंडमिळवणी आम्ही वसतिगृहे आणि स्वतः रांधून खाणे यावर करणार आहोत.

परतीचे दार

आमच्या मुलाची खरी भीती एकच होती: "मध्येच काही झाले तर?" ती भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिचे उत्तर नकाशात शोधावे लागते.

या मार्गाचा मोठा गुण असा की बर्लिनपासून रोस्टॉकपर्यंत तो रेल्वेला फार सोडत नाही. ओरानियनबुर्ग, त्सेडेनिक, फ्युर्स्टेनबर्ग, नॉयस्ट्रेलित्झ, वारेन, ग्युस्ट्रो, रोस्टॉक, सगळीकडे स्टेशन आहे. सायकलचे वेगळे तिकीट काढले की स्थानिक गाड्यांत सायकल नेता येते. लांबच्या गाड्यांत मात्र तिची जागा आधी राखावी लागते. डेन्मार्कात न्युकोबिंग आणि कोगे येथे गाडी मिळते. कोपनहेगनच्या उपनगरी गाड्यांत तर सायकल फुकट नेता येते.

आम्ही वहीत प्रत्येक दिवसासमोर जवळच्या स्टेशनचे नाव लिहिले आहे. कोणाला एखादा टप्पा जमला नाही तर त्याने गाडीने पुढच्या मुक्कामी जायचे, संध्याकाळी सगळे एकत्र जेवायचे. त्यात कमीपणा नाही, आणि तसे करणाऱ्याला 'काय झाले?' असे दोनदा विचारायचे नाही, हे तिघांनी कबूल केले आहे. गंमत अशी की गाडीने जायची मुभा आहे म्हटल्यावर ह्यांचा निघण्याचा धीर वाढला. सुटकेची वाट नसती तर ते 'जमेल' म्हणत राहिले असते आणि मनातून धास्तावले असते.

दोन्ही देशांत तातडीच्या मदतीचा फोन ११२. औषधे दोन ठिकाणी ठेवायची, एक पिशवी हरवली तर दुसरीत सापडावीत. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत हवी आणि तिच्यात औषधाचे मूळ नाव हवे, कारण दुकानी नाव तिकडे कोणी ओळखणार नाही.

कागद, कायदा आणि तुपाची बरणी

दोन्ही देश शेंगेन करारातले, त्यामुळे एकच व्हिसा पुरतो. जिथे जास्त रात्री राहायचे त्या देशाकडे अर्ज करायचा. आमच्या रात्री जर्मनीत जास्त, म्हणून जर्मनीकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात आणि निदान पंधरा दिवस आधी तरी तो जायलाच हवा. जून २०२४ पासून मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो झाले आहे. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. विमा घेताना पूर्वीचा आजार लपवू नका आणि त्या आजारावरचा खर्च मिळेल की नाही हे छापील अटींत वाचून घ्या. विमा विकणाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर राहू नका. रोजचा मुक्काम लिहिलेला बेत अर्जाला जोडता येतो. आमची वही इथेही कामाला आली.

जर्मनीत सायकलला पुढे-मागे दिवा, घंटी आणि दोन ब्रेक हवेतच. हेल्मेटची मोठ्यांना सक्ती नाही, पण आम्ही घालणार. वाहतूक उजवीकडून. त्यामुळे आपल्याला इथे जे उजवे वळण अवघड, ते तिथे डावे. डेन्मार्कात तर सायकलस्वाराने चौकात एकदम डावीकडे वळायचेच नसते. आधी सरळ पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत जायचे, तिथे थांबायचे आणि मग वळलेल्या दिशेने निघायचे. थांबताना हात वर करून मागच्याला खूण करायची. आम्ही अंगणात खडूने चौक आखून याचा सराव करतो. कृपा करून बी. टी. रोडवर उजवीकडून चालवून पाहू नका!

सायकली आम्ही तिथेच भाड्याने घेणार. एका गावी घेऊन दुसऱ्या गावी देता येते का, हे आधी विचारावे. नाहीतर त्या गाडीने परत आणाव्या लागतात. आपली उंची आधी कळवावी. सीटची उंची अशी हवी की पॅडल खाली असताना टाच टेकवली तर पाय सरळ व्हावा. सीट खाली ठेवली तर गुडघे बोलू लागतात, आणि बायका भीतीपोटी ती नेहमी खालीच ठेवतात. चेनमध्ये अडकेल असे वस्त्र नको. ओढणी तर नकोच. सामान माणशी आठ-दहा किलोंच्या वर नको, आणि तेही पाठीवर न घेता कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना सारखे वाटून.

आणि हो, युरोपात बाहेरून दुधाचे किंवा मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना मनाई आहे. तेव्हा तुपाची बरणी, पेढे, संदेश घरीच ठेवा. लेकीसाठी जीव कितीही तुटला तरी!

वहीतले पुढचे पान

ज्यांना बर्लिन परवडणार नाही त्यांनी हिरमुसू नये. हीच रीत नर्मदेकाठी, कोकणच्या सागरी रस्त्यावर किंवा पुण्याहून महाबळेश्वरला जातानाही लागू पडते. आधी दोन दिवस जोडून फिरून पाहा, हळू माणसाचा आकडा काढा, त्याने एकूण अंतराला भागा, विश्रांतीचे दिवस मिळवा, आणि प्रत्येक दिवसासमोर परतीची गाडी लिहा. पुढचे सारे त्यावर आपोआप बसते. मग आजोबा असोत की दहा वर्षांचा नातू, 'तू घरी राहा' म्हणण्याची वेळ सहसा येत नाही.

आमचे काय होईल ते अजून नक्की नाही. मार्चमध्ये ह्यांची पुन्हा तपासणी आहे. डॉक्टरांनी सायकलला नाही म्हटले तर मी आणि मुलगी चाकांवर, हे गाडीने, आणि रोज संध्याकाळी मुक्कामावर भेट, असा दुसरा बेत वहीच्या मागच्या पानावर तयार आहे. तो ह्यांनीच लिहिला आहे.

मागच्या आठवड्यात त्यांनी वहीच्या पानांचे फोटो काढून मुलाला पुण्याला पाठवले. दोन दिवस काही उत्तर नाही. मग निरोप आला: "वारेनला एकच रात्र का? तळे एवढे मोठे आहे, दोन ठेवा." दुसऱ्या दिवशी त्याने भाड्याच्या सायकलीचा दर विचारला. मार्चची तपासणी झाली की व्हिसाचा अर्ज जाईल. तो दोघांचा जाईल की तिघांचा, ते आता त्याला रजा मिळते की नाही यावर आहे.